हे आपल्याला किती पडतं?

बाबा दवाखान्यात होते, तेव्हाची गोष्ट. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, पण सहा आठवडे छापखान्यात पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यातला फोन वाजला. जुनं गिऱ्हाईक. दोन हजार पत्रकं, एका बाजूने छपाई, दोन रंग; किती होतील तेवढं सांगा, म्हणाले. फोन आईने घेतला होता. तिने काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे, मी मशीनवरच्या मामांकडे. मामा चिंधीने बोटांची शाई पुसत राहिले. शेवटी आई फोनवर म्हणाली, "हे घरी आले की विचारून कळवते."

ते काम दुसरीकडे गेलं. लहानसंच होतं, त्याचं दुःख नव्हतं. मला लागलं ते वेगळं. मी तेव्हा एका मोठ्या कारखान्यात कॉस्टिंग बघत होते. कुठल्या खात्यात किती खर्च झाला, कुठला माल किती पडला, याचे तक्ते दर महिन्याला करून देत होते. आणि ज्या धंद्याच्या पैशावर मी हे सगळं शिकले, त्या धंद्यात दोन हजार पत्रकं आपल्याला किती पडतात, हे मला सांगता आलं नाही. ते फक्त बाबांना माहीत होतं.

बाबांचा भाव त्यांच्या अंगठ्यात असायचा. गिऱ्हाइकाने नमुना पुढे केला की ते कागद अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळायचे, उजेडाकडे धरायचे, एकदा मशीनकडे बघायचे आणि आकडा सांगायचे. त्या दोन-चार सेकंदांत कागदाचं वजन, शाई किती पिणार, मामांचा मूड, गिऱ्हाइकाची मागची बाकी, सगळं जमेस धरलेलं असायचं. लहानपणी मला ती जादू वाटायची. आजही तिचा आदर वाटतो. ज्यांनी आयुष्यभर एकच धंदा केला त्यांच्या हाताला जे कळतं, ते तक्त्यात उतरवणं सोपं नसतं.

पण असा हिशेब वारसाने देता येत नाही. घर देता येतं, मशीन देता येतं, गिऱ्हाइकांची यादीसुद्धा देता येते. अंगठा देता येत नाही. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी: जो हिशेब कुठे लिहिलेलाच नाही त्याच्याशी वाद घालता येत नाही. तो चुकला तर कुणाला कळत नाही, ज्याच्या डोक्यात आहे त्यालासुद्धा नाही.

धंद्यात दोन प्रकारचे हिशेब असतात. एक बाहेरच्यांसाठी: कर भरायला, बँकेला दाखवायला. त्याला कायदा आहे, ठरलेला नमुना आहे, तारीख आहे, म्हणून तो होतोच. दुसरा स्वतःसाठी. हे काम घ्यावं का, हे मशीन ठेवावं का, कुठलं गिऱ्हाईक आपल्याला पोसतं आणि कुणाला आपण पोसतो, हे कळावं म्हणून. पुस्तकात त्याला व्यवस्थापकीय लेखांकन म्हणतात. तो कुणी मागत नाही, केला नाही तर दंड होत नाही. घरच्या धंद्यात तर तो करायची गरजच वाटत नाही, कारण ज्याने निर्णय घ्यायचा आणि ज्याच्या डोक्यात हिशेब आहे, तो माणूस एकच असतो. त्या सहा आठवड्यांत तो माणूस पलंगावर होता.

मी रजा काढली. रोज संध्याकाळी त्या दिवशीची चौकशी वहीत लिहून दवाखान्यात आणि नंतर घरी घेऊन जायचे आणि बाबांना विचारायचे, याचा भाव काय सांगू? आणि कसा काढलात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच यायचं. दुसऱ्याला ते थोडे चिडायचे. "कसा म्हणजे? तेवढाच होतो." हळूहळू उलगडलं. कागद आणि प्लेटचे पैसे वेगळे लावायचे. छपाईला हजारी दर, म्हणजे हजार प्रतींना इतके. आणि हजाराहून कमी प्रती असल्या तर एक हजाराचा दर लावायचा. हा हजारी दर या धंद्यातल्या त्यांच्या आधीच्या लोकांपासून चालत आलेला, वेळोवेळी वाढवलेला. तो मुळात कशावर बेतला होता, हे आता कुणालाच आठवत नव्हतं.

मग मी मामांना एक काम सांगितलं. प्रत्येक कामाच्या कार्डावर तीन गोष्टी लिहायच्या: मशीन तयार करायला किती मिनिटं लागली, प्रत्यक्ष छपाईला किती, आणि रंग जुळेपर्यंत किती कागद वाया गेले. मामांना लिहिण्याचा कंटाळा. पण त्यांनी इमानाने लिहिलं, शाईच्या बोटांचे ठसे असलेली ती कार्डं अजून माझ्याकडे आहेत. त्यांतली दोन मी नेहमी शेजारी शेजारी ठेवते. एक पाचशे प्रतींचं काम: तयारी ८० मिनिटं, छपाई ५ मिनिटं. दुसरं पन्नास हजार प्रतींचं: तयारी तीच ८० मिनिटं, छपाई ५०० मिनिटं.

आता हजारी दराने बघा. पहिल्या कामाने मशीनची ८५ मिनिटं घेतली आणि एका हजाराचा दर दिला. दुसऱ्याने ५८० मिनिटं घेतली आणि पन्नास हजारांचा दर दिला. तासाला किती पडलं हे काढलं, तर मोठं काम लहान कामाच्या सातपटींहून जास्त देत होतं. म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकांकडून आम्ही गरजेपेक्षा बरंच जास्त घेत होतो आणि लहान कामं जवळजवळ फुकट करत होतो. बाबा दोन वर्षांपासून म्हणत होते, "कामाला उसंत नाही, पण पैसा दिसत नाही." त्याचं कारण त्या दोन कार्डांवर होतं. जास्त भावाला कंटाळून मोठी कामं एकेक करून दुसरीकडे गेली होती. स्वस्त पडतं म्हणून लहान कामांची रांग लागली होती.

यात नवीन काहीच नव्हतं, याची मला फार खंत वाटली. जोसाया वेजवुड हा इंग्लंडमधला नावाजलेला कुंभार. १७७२ च्या मंदीत माल उठेना, तेव्हा तो स्वतः वह्या घेऊन बसला आणि एकेक फुलदाणी आपल्याला किती पडते ते मांडत गेला. त्यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, मुख्य कारकून पैशांत गोलमाल करत होता. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची: भाडं, कारकुनांचे पगार असे खर्च माल थोडा काढला तरी आणि भरपूर काढला तरी घड्याळाच्या काट्यांसारखे चालूच राहतात. पुढे १९८० च्या दशकात रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी हाच धागा वेगळ्या टोकाने धरला. खर्च नगावर वाटू नका, त्यामागे जी कामं करावी लागतात त्यांच्यावर वाटा, असं त्यांचं म्हणणं. मशीन तयार करणं हे एक काम, ते पाचशेला तेवढंच आणि पन्नास हजारांना तेवढंच. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि माझ्याच घरी सगळा खर्च हजारावर वाटला जात होता.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती मी आजही विसरलेले नाही. बाबा कामावर परत आले त्याच आठवड्यात मी तो तक्ता टेबलावर ठेवला. काका समोर बसलेले होते. कारखान्यात जसं साहेबांपुढे मांडायचे तसंच मांडलं: इतकी कामं तोट्यात, ही कारणं, हा नवा दर. बाबांनी कागद पूर्ण वाचला. मग त्याची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. "तीस वर्षं मी चुकत होतो, असं म्हणायचंय का तुला?"

कारखान्यात आकडा खात्याबद्दल असतो, मशीनबद्दल असतो. घरच्या धंद्यात प्रत्येक आकडा कुणाचा तरी असतो. हजारी दर बाबांचा होता. वसुली काकांची होती. कागदाचा साठा पुन्हा बाबांचा. मी ज्याला खर्च म्हणत होते ते त्यांचं आयुष्य होतं, आणि धाकट्या भावासमोर मी ते तोट्यात दाखवलं होतं. हे मी आधी एकट्या बाबांना दाखवायला हवं होतं. आकडे तेच ठेवून.

दोन आठवडे ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एका संध्याकाळी तोच चौघडी कागद घेऊन आले. त्यावर त्यांनी पेन्सिलीने दोन आक्षेप लिहिले होते, आणि दोन्ही बिनतोड होते. पहिला: "मशीन रिकामं असेल तर?" मशीन उभंच राहणार असेल, मामांचा पगार द्यायचाच असेल, तर त्या ८५ मिनिटांना आपला जास्तीचा खर्च शाई आणि विजेपुरताच. त्यावर जे मिळेल ते भर टाकतंच. अगदी बरोबर. पुस्तकात याला सीमांत परिव्ययाचा विचार म्हणतात. बाबा नाव न घेता तीस वर्षं तो करत आले होते. दुसरा: "लहान गिऱ्हाईकच मोठं होतं." लेटरहेड छापायला आलेला माणूस पाच वर्षांनी कॅटलॉग घेऊन येतो. तेही खरं.

मग आम्ही दोघं मिळून शोधायला बसलो की आपलं मशीन खरंच रिकामं असतं का. आणि इथे अडलो. झालेली कामं रजिस्टरात होती. नाकारलेली कुठेच नव्हती. "आठ दिवस वेळ नाही" म्हणून परत पाठवलेलं मोठं काम कुठल्या वहीत लिहायचं? ते ना जमेत, ना खर्चात. पण खरा तोटा तिथेच होता, कारण लहान कामांनी दिवस भरून गेले होते म्हणूनच मोठ्याला जागा नव्हती. त्या दिवसापासून आम्ही फोनजवळ एक वही ठेवली: नाकारलेली कामं. तारीख, काय काम होतं, का नाही घेतलं. बाबांनी स्वतः लिहायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी ती वही वाचून त्यांनी लहान कामांना तयारीचा वेगळा आकार लावला, आणि मोठ्यांचा हजारी दर उतरवला. मला काही सांगावं लागलं नाही.

एकच काम त्यांनी जुन्या दरात ठेवलं. एक छोटं मासिक. पाचशे प्रती. बाबांनी छापखाना सुरू केला त्या वर्षी त्याच्या संपादकांनी पहिलं काम दिलं होतं, आणि नंतर एकही अंक चुकला नव्हता. माझ्या तक्त्यात ते सगळ्यात खाली होतं, तांबड्या शाईत. "याचा दर वाढवायचा नाही," बाबा म्हणाले. मी वाद घालायला तोंड उघडलं होतं.

स्पेनच्या दक्षिण भागातल्या ऑलिव्ह तेलाच्या १,२३७ घरगुती गिरण्यांचा ५४ वर्षांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लुईस गोमेझ-मेहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. या गिरण्यांपुढे सहकारी संस्थेत सामील होण्याचा पर्याय होता. त्यात पैशाचा फायदा होता, धोका कमी होता. पण गिरणी घराच्या हातातून जाणार होती. बहुतेक घराण्यांनी धोका पत्करला आणि गिरणी स्वतःकडे ठेवली. हिशेबाची माणसं याला अविचार म्हणाली असती. अभ्यासकांनी मात्र हे मान्य केलं की घराण्याला धंद्यातून पैशाखेरीजही काही मिळत असतं: नाव, आपलेपण, पुढच्या पिढीला काही देता येणं. ते गमावायला लोक तयार नसतात.

मी वाद घातला नाही. पण एक अट घातली. महिन्याच्या तक्त्यात एक नवी ओळ टाकायची आणि तिथे त्या मासिकाचा तोटा दर महिन्याला लिहायचा. ओळीला नाव काय द्यायचं यावर बरंच बोलणं झालं. काकांनी सुचवलं ते राहिलं: आपण होऊन सोसलेलं. आणि मग काका थांबले नाहीत. म्हणाले, मग बाइंडिंगच्या आजोबांचा पगारही तिथे लिही. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, काम अर्धं व्हायचं, आणि त्यांना ठेवायचा हट्ट काकांचा होता. इतकी वर्षं बाबा त्यावर मनात कुढत होते आणि काका मासिकावर. दोघांनाही एकमेकांचं सोसणं दिसत नव्हतं, फक्त उधळपट्टी दिसत होती. दोन्ही आकडे एका ओळीत आल्यावर ते जवळजवळ सारखे निघाले. काका त्या कागदाकडे बराच वेळ बघत होते. त्यानंतर त्या विषयावर घरात एकदाही कुरबूर झाली नाही.

कागदाच्या साठ्याबद्दल थोडक्यात सांगते. बाबांना भरलेलं गोडाऊन बघायला आवडायचं. धंद्याच्या सुरुवातीला कागद वेळेवर मिळत नसे, त्या दिवसांची ती सवय. चार महिन्यांचा कागद पडून असायचा. नफा तोच, पण त्याच्यासाठी अडकलेला पैसा दुप्पट. अमेरिकेतल्या ड्यू पाँट घराण्याचा बंदुकीच्या दारूचा कारखाना १८०२ पासूनचा. शंभर वर्षांनी, १९०२ मध्ये, घराण्यातले प्रमुख यूजीन वारले आणि थोरले लोक धंदा बाहेरच्यांना विकायला निघाले. तेव्हा आल्फ्रेड, कोलमन आणि पिएर या तीन चुलत भावांनी तो स्वतः घेतला, थोरल्यांना रोख न देता कर्जरोखे देऊन. पिएरने तिजोरी सांभाळली आणि प्रत्येक कारखान्याला एकच प्रश्न लावला: तुझ्यात किती भांडवल आहे, आणि त्यावर तू किती मिळवतोस? १९१२ च्या सुमारास तिथल्याच डोनाल्डसन ब्राउन यांनी त्या उत्तराचे दोन भाग पाडले: विक्रीत नफा किती, आणि भांडवल वर्षात किती वेळा फिरतं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे भांडवलावरचा परतावा. आमचं गोडाऊन दुसऱ्या भागात बसत होतं. बाबांनी हे पाच मिनिटांत समजून घेतलं आणि साठा निम्म्यावर आणला.

त्याच तीन भावांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९१४ च्या अखेरीस कोलमनने आपले शेअर विकायला काढले. पिएरने काही जणांना सोबत घेऊन ते विकत घेतले, आल्फ्रेडला न सांगता. प्रकरण कोर्टात गेलं, घराणं दुभंगलं. त्या काळी जगात क्वचितच कुणाकडे असतील असे उत्तम हिशेब त्यांच्याकडे होते. पण ते हिशेब कारखान्यांबद्दल होते. कुणाचा हिस्सा किती, कुणी विकला तर पहिला हक्क कुणाचा, किंमत कशी ठरवायची, हे भावाभावांतलं बोलणं त्यांत नव्हतं. गेली बारा वर्षं मी घरगुती धंद्यांचेच हिशेब लावून देते आहे, आणि जिथे जाते तिथे हीच रिकामी जागा सापडते. जॉब कॉस्टिंग, म्हणजे एकेका कामाचा खर्च काढून द्या म्हणतात. दुसऱ्या बैठकीला कळतं की खरा प्रश्न उचलीचा आहे.

उचल हा फार घातक शब्द आहे, दिसायला साधा असला तरी. गल्ल्यातून घरासाठी घेतलेला पैसा. तो पगार असतो का? नफ्याचा वाटा असतो? की उसनवार? कुणी ठरवलेलंच नसतं. आमच्याकडे खतावणीत एकच खातं होतं: घर. बाबांनी घराच्या गच्चीची दुरुस्ती केली, ते त्यात. काकांनी चुलत भावाच्या शिक्षणाची फी भरली, तीही त्यात. वर्षाअखेर एकच बेरीज. आणि दोघांच्याही मनात आपापली बेरीज वेगळी. लुका पाचोली या इटालियन पाद्र्याने १४९४ मध्ये दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने घरखर्चासाठी स्वतंत्र खातं ठेवायला सांगितलं होतं, नेहमीचा खर्च कुठला आणि नैमित्तिक कुठला, याचा विचार करून. त्याच्या व्यापाऱ्याचं घर आणि दुकान एकाच वहीत नांदत होतं, म्हणूनच त्याला ही रेघ ओढावीशी वाटली असेल. आम्ही ती रेघ फार उशिरा ओढली. एका 'घर' खात्याची चार खाती केली: बाबांचा पगार, काकांचा पगार, नफ्यातला वाटा, आणि उसने. मागच्या पाच वर्षांच्या नोंदी उकरून या चार खात्यांत टाकताना दोन्ही भाऊ माझ्या दोन बाजूंना बसले होते. काही नोंदींवर दोघंही गप्प झाले. एका नोंदीवर बाबा म्हणाले, "ही माझ्याकडे टाक, त्याची नाही." मी टाकली.

पगार लिहायचं ठरल्यावर मात्र मूळ प्रश्न समोर आला. छापखान्यात घरचं आणखी कोण काम करतं?

आई सकाळी साडेनऊला छापखान्यात यायची. प्रुफं वाचायची, घड्या घालायच्या मुलींवर लक्ष ठेवायची, दुपारी थकलेल्या बिलांसाठी फोन करायची. काकांच्या वसुलीतली निम्मी खरं तर तिच्या फोनवर यायची. तिचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. कुणाचा वाईट हेतू नव्हता. घरच्या माणसाला पगार कसला, इतकंच. तसंच जागेचं. इमारत माझ्या आजोबांनी बांधलेली, म्हणून भाडं शून्य.

मी एका रात्री बसून हे दोन्ही खर्चात धरले. प्रूफ वाचणारा आणि वसुली करणारा माणूस बाहेरून ठेवला असता तर किती द्यावे लागले असते. हीच जागा दुसऱ्याला भाड्याने दिली असती तर किती आले असते. पदरचा पैसा जात नाही, तरी तो खर्चच. पुस्तकात त्याला गर्भित खर्च म्हणतात. त्या वर्षीचा नफा शंभर धरला, तर आईचा पगार साठ झाला आणि जागेचं भाडं पन्नास. उरले उणे दहा.

मी त्या उणे दहाकडे बराच वेळ बघत बसले होते. ज्याला आम्ही दरवर्षी नफा म्हणत होतो, तो धंद्याने कमावलेलाच नव्हता. आईची मेहनत आणि आजोबांची भिंत, या दोघांचं न दिलेलं देणं आम्ही नफा म्हणून वाटून घेत होतो. आणि त्याच फसव्या नफ्यावर भाव ठरत होते. म्हणजे गिऱ्हाइकाला स्वस्तात छापून मिळत होतं ते आईच्या पैशाने. तिला न विचारता.

घरगुती धंद्यात मालक आणि व्यवस्थापक एकच, त्यामुळे एकमेकांवर लक्ष ठेवायचा खर्च वाचतो, असं अर्थशास्त्रात बराच काळ मानलं जात होतं. २००१ मध्ये विल्यम शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. मायेपोटी आईवडील हात सैल सोडतात, कामात कुचराई करणाऱ्याला बोलत नाहीत, आणि त्याचीही किंमत धंद्याला मोजावी लागते, असं त्यांनी दाखवलं. माझा अनुभव याच्या दुसऱ्या बाजूचा आहे. मायेपोटी घेणारा जसा असतो, तसा मायेपोटी न मागणाराही असतो, आणि त्याच्या न मागण्यावर सगळा धंदा उभा राहतो. तो माणूस बहुतेक वेळा बाई असते. मी आता ज्या घरात हिशेब लावायला जाते तिथे पहिल्याच दिवशी विचारते: इथे पगार न घेता कोण कोण येतं? पहिल्यांदा सगळे "कुणीच नाही" म्हणतात. मग कुणीतरी सावकाश एक नाव घेतं.

या वेळी मी कागद आधी बाबांना दाखवला, एकटे असताना. त्यांनी उणे दहावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तिला माहीत आहे?" मी नाही म्हटलं. ते उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. "पुढच्या महिन्यापासून लाव," एवढंच बोलले.

एकदम साठ लावणं झेपणारं नव्हतं. नवा दर बसायला, मोठी कामं परत यायला वर्ष लागणार होतं. आम्ही तीसपासून सुरुवात केली आणि उरलेले तीस तिच्या नावावर देणं म्हणून लिहिले. जागेचं भाडंही तसंच, तक्त्यात पूर्ण, प्रत्यक्षात थोडं. महिन्याचा तक्ता एका पानाचा झाला: मशीनचे तास किती विकले, तयारीत किती गेले, नाकारलेली कामं, येणी किती दिवसांची, कागद किती दिवसांचा, घरच्यांचे पगार, आपण होऊन सोसलेलं, आणि शेवटी उरलं ते. एवढंच. याहून मोठा तक्ता घरच्या धंद्यात तीन महिन्यांपलीकडे कुणी भरत नाही, हे मी नंतर अनेक ठिकाणी पाहिलं.

पहिल्या महिन्याच्या शेवटी पगाराच्या रजिस्टरात आईचं नाव आलं. मामांच्या खाली, बाइंडिंगच्या आजोबांच्या वर. तिने चष्मा लावला, रकाने एकेक करून वाचले. मला वाटलं, ती म्हणेल याची काय गरज होती. ती म्हणाली, "तास चुकलेत."

"साडेनऊ ते सहा धरलेत," मी म्हटलं.

"ते छापखान्यातले. घरी रात्री वाचते ती प्रुफं धरली नाहीस."

ती वाचताना मी लहानपणापासून बघत आले होते. दिव्याखाली, मांडीवर उशी, उशीवर पाटी, पाटीवर प्रुफं. तिचं वाचून होईपर्यंत मी शेजारी झोपून जायचे. मी संगणक उघडला आणि तिला एकेक काम विचारत गेले. पुस्तकांच्या कामाला किती रात्री? अहवालांना? ती आठवून आठवून सांगत होती, मी लिहीत होते. मासिकापाशी ती अडली. एक रात्र, म्हणाली, एक पुरते.

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "दोन लागतात. जोडाक्षरं फार असतात त्यात. दोन लिही."